हसणारे आणि न हसणारे : 'गाभ्रीचा पाऊस' पाहताना

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) हा चित्रपट मी तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा एकट्याने, दुसऱ्यांदा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर आणि तिसऱ्यांदा सोनगीरला, काका-काकूंच्या घरी. चित्रपट तोच होता. त्यातला विनोद मात्र दर वेळी निराळ्या जागी सापडला, आणि एकदा तर तो सापडू नये असेच वाटले. अशा चित्रपटांविषयी प्रेक्षकांत तट का पडतात, या प्रश्नाचे जे उत्तर मी वर्गात देत असे, ते या तीन पाहण्यांत हळूहळू मोडत गेले. ते कसे मोडले याची नोंद करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विदर्भातील कापूस पिकवणारे एक गाव. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे. किसना (गिरीश कुलकर्णी) त्याच्याचसारखा कर्जात आहे, पावसाकडे डोळे लावून बसला आहे. त्याची बायको अलका (सोनाली कुलकर्णी) धास्तावते. उद्या यानेही असे काही केले तर? म्हणून ती नवऱ्यावर पहारा बसवते. लहानग्या दिनूला बापाच्या मागे पाठवते, सासूला (ज्योती सुभाष) सावध करते, परिस्थिती नसताना घरात गोडधोड करते. किसनाला यातले काहीच ठाऊक नाही. तो पेरणीच्या विवंचनेत. पोरगा सारखा पायात का घोटाळतो आहे, हे त्याला उमगत नाही. 'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी शिवी, आणि ती घातली आहे पावसाला. चित्रपटाचा विषय शेतकऱ्याची आत्महत्या, घाट मात्र विनोदी. 2006 या एका वर्षात महाराष्ट्रात 4,453 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. अशा आकड्यासमोर उभे राहून कुणी हसवू पाहतो, तेव्हा प्रेक्षक दुभंगणार हे उघडच आहे. प्रश्न आहे तो कोणत्या रेषेवर दुभंगणार, हा.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो फार आवडला. मी हसलो आणि आपण हसू शकलो याचा थोडा अभिमानही वाटला. हा अभिमान मराठीच्या प्राध्यापकाचा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

2011 साली आमच्या महाविद्यालयात तो दाखवला, तेव्हा आधी मी पंधरा-वीस मिनिटे बोललो. 1729 साली स्विफ्टने आयर्लंडमधील गरिबांची मुले श्रीमंतांनी खावीत असा हिशेबी 'प्रस्ताव' मांडला होता, त्याविषयी सांगितले. आंद्रे ब्रतोंने अशा विनोदाला 'काळा' हे विशेषण देऊन त्याचे संकलन केले, तेही सांगितले. मग दिवे मालवले. खोली हसली. दिनू बापाच्या मागे मागे जातो तेव्हा हसली, अलका नवऱ्याच्या प्रत्येक साध्या हालचालीत मरण शोधते तेव्हा तर फारच हसली. अर्ध्यातच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. मी दारापाशी होतो. जाता जाता तो म्हणाला, "सर, यात हसण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. उत्तर तयारच होते. आपल्या काव्यशास्त्राने काही रस परस्परविरोधी मानले आहेत. चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस सांगितले. आपली मराठी विनोदी परंपराही हेच वळण पाळते. चिं. वि. जोशी असोत की पु. ल. देशपांडे, तिथे हसता हसता डोळे पाणावतात. पण आधी हसू, मग पाणी, असा क्रम असतो. एकाच क्षणी दोन्ही मागणारी कलाकृती आली की आपली तारांबळ उडते. ज्याला हा ताण पेलतो तो हसतो, ज्याला पेलत नाही तो उठून जातो. शिवाय हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, हा बर्गसाँचा 1900 सालचा विचारही मी जोडून दिला. थोडक्यात, न हसणारा प्रेक्षक हा अजून तयार न झालेला प्रेक्षक आहे, असे मी सांगितले. कुणाचे नाव घेतले नाही. पण रोख कुणावर होता हे सर्वांना कळले.

तो विद्यार्थी दोन दिवसांनी व्हरांड्यात भेटला. रागावलेला नव्हता. त्याच्या गावात एका शेजाऱ्याने 'औषध' घेतले होते. हा वाड्यातला एकमेव शिकलेला. म्हणून मागे राहिलेल्या बाईचे अर्ज यानेच लिहिले, तिच्याबरोबर कचेरीच्या फेऱ्याही यानेच मारल्या. मदत एक लाख रुपये. पण मृत्यू 'पात्र' ठरला तरच. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. परतफेडीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. त्या माणसाचे कर्ज बिनपरवाना सावकाराचे होते. प्रकरण 'अपात्र' ठरले. ती बाई त्याला विचारत राहिली, "अपात्र म्हणजे काय रे भाऊ?" हे सांगून तो म्हणाला, "सर, मुलं अलकाला हसत होती. मला ती बाई दिसत होती. तिनेही सांभाळलं होतं त्याला. एका दिवशी तेवढी माहेरी गेली होती."

माझ्याजवळ बोलायला काही नव्हते. 'पात्र आत्महत्या' आणि 'अपात्र आत्महत्या' हे शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. स्विफ्टला सुचला नसता असा काळा विनोद शासनाच्या गद्यात राजरोस वावरत होता आणि त्याला कुणी हसत नव्हते. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, ते विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी. धुळे-जळगावच्या कपाशीलाही तीच कीड आणि तोच भाव होता. पण आमचे जिल्हे त्या यादीत नव्हते. या भागातला मुलगा विदर्भावरचा चित्रपट पाहत होता आणि मी त्याला रसविरोध शिकवत होतो.

तेव्हा मला 'पीपली लाइव्ह'ची आठवण झाली. अनुषा रिझवी यांचा हा हिंदी चित्रपट ऑगस्ट 2010 मध्ये प्रदर्शित झाला. जमीन लिलावात जाणार म्हणून नत्था भरपाईसाठी मरायला तयार होतो, आणि वाहिन्यांचे कॅमेरे त्याच्या दाराशी येऊन बसतात. शहरांतून कौतुक झाले. विदर्भ जनआंदोलन समितीने मात्र चित्रपटावर बंदीची मागणी केली. शेतकरी भरपाईच्या पैशासाठी जीव देतो, असे चित्र त्यातून उभे राहते, हा आक्षेप होता. बंदीची मागणी मला तेव्हा पटली नव्हती, आजही पटत नाही. पण त्या वेळी मी आक्षेपाकडेही 'यांना उपहास कळत नाही' अशा नजरेने पाहिले होते. उपहास त्यांना कळत होता. 'पैशासाठी मरतात' हे वाक्य मात्र आपल्याला चित्रपटात भेटते. त्यांनी ते पारावर, कचेरीत, कधी सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडूनही ऐकलेले असते.

म्हणून मी उत्तर बदलले. रसिकतेचा प्रश्न नाही, अंतराचा आहे, असे म्हणू लागलो. मरणापासून लांब बसलेला हसतो, जवळ बसलेल्याला हसू येत नाही. 'जाने भी दो यारों' (1983) पाहताना आपण सगळे मोकळेपणाने हसतो. डिमेलो कमिशनरचे प्रेत थेट महाभारताच्या रंगमंचावर जाते तरी कुणाला खटकत नाही. कारण तो भ्रष्ट, आणि त्याच्यासाठी रडणारे माणूस चित्रपटात कुणीच नाही. गाभ्रीच्या पावसात मरणाऱ्याला घर आहे. हे उत्तर सोयीचे होते आणि त्यात नम्रताही दिसत होती. सोनगीरला ते टिकले नाही.

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. माथ्यावर किल्ला, आणि गावाची खरी ओळख तांब्या-पितळेची भांडी. काका-काकू तिथेच शेती करत. 2000 नंतरच्या वाईट वर्षांपैकी एका वर्षी काकांचे बोलणे बंद झाल्यासारखे झाले होते, हे मी ऐकून होतो. त्यापलीकडे घरात कुणी काही बोलत नसे. चित्रपट त्यांना दाखवावा असे माझ्या मनात नव्हते. एका सुट्टीत मी लेखासाठी तो पुन्हा पाहत बसलो होतो. काकू भाजी निवडत शेजारी येऊन बसली, काका मागे खाटेवर होते.

दिनू बापाच्या मागे निघाला आणि काकू हसायला लागली. साधे स्मित नव्हे; पदर तोंडाला लावावा लागला. मी चमकून पाहिले. ती म्हणाली, "नाना, हाई ते आम्हनाच घरनं शे." आणि भाजी बाजूला सारून सांगू लागली. त्या वर्षी तिनेही धाकट्याला काकांच्या मागे लावले होते. विहिरीवर जाताना, वाड्यात जाताना, अगदी पहाटे शेताकडे जातानासुद्धा. फवारणीचे औषध आणलेले होते; तो डबा तिने लग्नातल्या पितळी डेगेत घालून माळ्यावर ठेवून दिला. पुढे कपाशीवर खरोखरच बोंडअळी आली. काका दोन दिवस औषध शोधत होते. तिला डबा कुठे आहे ते माहीत, आणि काढून द्यायची छाती नाही. अळी बोंडे खात होती. ती रोज बघत होती आणि गप्प होती.

आपल्या भाषेत कीटकनाशकाला औषध म्हणतात आणि ते पिऊन मरण्यालाही 'औषध घेतलं' म्हणतात. पीक वाचवणारा आणि माणूस मारणारा शब्द एकच. काकूने माणूस निवडला आणि पीक जाऊ दिले. सांगताना ती हसतच होती. हृदय बधिर झाल्याची कोणतीही खूण त्या हसण्यात नव्हती. बर्गसाँ तिथे लागू पडेना, आणि माझे अंतराचे उत्तरही लागू पडेना; कारण मरणाच्या इतक्या जवळ बसलेले माणूस मी दुसरे पाहिले नव्हते.

मागून काकांचा आवाज आला. त्यांना हे सारे प्रथमच कळत होते. "म्हंजे डबा डेगमा व्हता?" काकूने मान हलवली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन क्विंटल कापूस खादा तुन्ही डेगनी." आणि तेही हसले.

त्या रात्री मला पहिल्यांदा चित्रपट नीट दिसला असे वाटते. त्यातला विनोद मरणावर नाही, पहाऱ्यावर आहे. अतोनात काळजी करणारे माणूस बाहेरून वेडेच दिसते. पहारा देणाऱ्याला स्वतःला ते त्या वेळी दिसू शकत नाही. पुढे दिसते, आणि तेही पहारा फळाला आला असेल तरच. काकू हसली, कारण जिच्यासाठी हा खटाटोप केला ती गोष्ट खाटेवर बसून तिच्याशी बोलत होती. माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारणीने तेच सगळे केले होते. तिचा पहारा एका दिवसाने चुकला. तिच्या बाजूने पाहणाऱ्याला तेच दृश्य विनोदी कसे वाटणार? जवळची तर दोघेही होती. फरक होता तो त्यांच्या आयुष्यात या कथेचा शेवट कसा झाला, एवढाच.

काळ्या विनोदाचा चित्रपट बहुतेक वेळ शेवट अधांतरी ठेवतो. किसना जगेल की नाही, हे ठरलेले नसते तोवरच अलकाची धावपळ हसू आणि भीती दोन्ही देते. त्या रिकाम्या जागी प्रत्येक प्रेक्षक आपल्या घरातला शेवट आणून ठेवतो. म्हणून अशा चित्रपटावर वाद होतो तेव्हा आपण चित्रपटाविषयी बोलतो आहोत असे वाटते, पण बरेचदा दोन माणसे आपापल्या घरची हकिगत एकमेकांना न सांगता भांडत असतात. आणि ज्याच्या घरात असा प्रसंगच आला नाही, किंवा आला तेव्हा जो शिकायला बाहेरगावी होता, तो माझ्यासारखा रसविरोध सांगत बसतो.

चित्रपटाचा शेवट इथे सांगत नाही. आमच्या घरात त्या शेवटाला कुणी हसले नाही. काकू निवडलेली भाजी घेऊन आत गेली. त्या वर्षी काकांच्या मनात खरोखर काही होते का, हे मी विचारले नाही. काकूनेही विचारले नाही. इतक्या वर्षांत तिने ते कधीच विचारलेले नसावे.

'गाभ्रीचा पाऊस' मी अजूनही विद्यार्थ्यांना दाखवतो. आधी व्याख्यान देत नाही. आणि कुणी मध्येच उठून गेले, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलत नाही. व्हरांड्यात भेटतो का, ते पाहतो.