जहाजावरचे ताट आणि अब्बांचा प्रश्न

क्रूझला यायला अब्बांनी होकार दिला तो एकाच अटीवर. जेवण हलाल असले पाहिजे. तिकिटे काढून देणाऱ्या माणसाला आम्ही फोनवर दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर आले, "काळजीच करू नका सर, मुंबईहून सुटणारे जहाज आहे, सगळे इंडियन फूड." तेवढ्यावर आम्ही अब्बांना शब्द देऊन टाकला. शाळेत मुलांना आम्ही रोज सांगतो की प्रश्न नीट वाचा आणि मगच उत्तर लिहा. इथे मात्र विचारले एक आणि ऐकले दुसरे, हे आमच्याच लक्षात आले नाही.

अब्बांना जहाज नवीन नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावातून ते १९६९ साली बोटीवर गेले आणि पुढची तीस वर्षे भंडारी म्हणून राहिले. कोकणात भंडारी म्हटले की लोकांना जात आठवते, पण इथे अर्थ वेगळा. सारंग, टंडेल, कसाब, भंडारी, टोपस ही जुन्या जहाजांवरच्या आपल्या खलाशांची उतरंड. त्यातला भंडारी म्हणजे खलाशांचे जेवण रांधणारा. साहेबांचे स्वयंपाकघर वेगळे आणि तिथे बहुधा गोव्याची माणसे. डेकवर काम करणाऱ्यांत कोकणचे आणि गुजरातचे मुसलमान बरेच असत. त्यांचा भंडारीही त्यांच्यातलाच, म्हणून हलालचा प्रश्न जहाजावरच सुटलेला असे. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजची जहाजे जात होती. १८७७ साली मुंबईत सुरू झालेल्या कंपनीतून पुढे मोगल लाइन उभी राहिली आणि तिने हजारो हाजींना समुद्रावर डाळ-भात आणि सालन खाऊ घातले. आमच्या मरहूम दादी अशाच जहाजाने हजला गेल्या होत्या. म्हणजे हिंदुस्थानी जेवण समुद्रावर रांधणे ही काही आजच्या क्रूझवाल्यांनी लावलेली नवी वाट नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण निघालो. आम्ही दोघे, थोरला, धाकटी आणि अब्बा. मुंबई ते लक्षद्वीपमधले अगत्ती बेट आणि परत, एकूण चार रात्री. सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटरचा समुद्र. तीस वर्षे समुद्रावर काढलेला हा माणूस प्रवासी म्हणून जहाजात पहिल्यांदाच बसत होता.

पहिल्या रात्रीचे दस्तरखान पाहून मुले हरखली. पंधरा-वीस भांडी ओळीने मांडलेली, त्यावर "इंडियन" अशी मोठी पाटी. पनीर, छोले, दाल मखनी, कोफ्ते, चिकन, मटण, बिर्याणी. थोरल्याने चार भाज्या घेतल्या आणि दुसऱ्या घासाला म्हणाला, "सगळ्यांची चव एकच लागते." पोराने बरोबर ओळखले. हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरात दोन-तीन रस्से आधीच तयार असतात. टोमॅटो-लोण्याचा लाल, काजूचा पांढरा, कांद्याचा तपकिरी. वरून पनीर टाकले की एक भाजी, कोफ्ता टाकला की दुसरी. फाळणीनंतर दिल्लीच्या पंजाबी हॉटेलांत रुजलेला हा स्वयंपाक आता देशभर आणि देशाबाहेरही "इंडियन" या एकाच नावाने खपतो. तो वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या आणि कोकण किनाऱ्याशेजारून जाणाऱ्या जहाजावर ना तांदळाची भाकरी, ना घावन, ना सोलाची आमटी. मासा होता, पण तो बासा! व्हिएतनामच्या नद्यांत वाढवलेला, गोठवून आणलेला, बिनकाट्याचा आणि बिनचवीचा. खाली अरबी समुद्र आणि ताटात परदेशातला गोड्या पाण्याचा मासा. धाकटीला मात्र तो फार आवडला, काटे काढायचे कष्ट नाहीत म्हणून.

अब्बा रिकामी बशी घेऊन मटणाच्या भांड्यापाशी उभे होते. त्यांनी वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बेटा, ये गोश्त हलाल है?" तो हसून म्हणाला, "चाचाजी, सब इंडियन है." अब्बांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि बशीत डाळ-भात घेतला. बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

सकाळी न्याहारीला आणखी एक गोष्ट दिसली. एका भांड्यात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, शेजारी चिकनचे सॉसेज आणि दोन्हींसाठी लोक एकच चिमटा वापरत होते. पलीकडे ऑम्लेट करणारा ज्या तव्यावर त्या पट्ट्या परतत होता, त्याच तव्यावर अंडी फोडत होता. अब्बांनी केळे आणि चहा घेतला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पैसे भरून, दुसऱ्यांदा अर्धपोटी उठत होता. त्याला इथवर आणले ते आमच्या शब्दाने.

मग आम्ही कागद घेतला आणि तीन प्रश्न लिहिले. मांस कुठून येते आणि त्याचा दाखला आहे का? तळणाचे तेल वेगळे आहे का? तवा आणि चिमटे वेगळे ठेवता येतील का? कागद घेऊन भोजनगृहाच्या व्यवस्थापकाकडे गेलो. त्याने वेळ मागितला आणि तासाभराने मुख्य आचाऱ्यालाच घेऊन आला. उत्तरे सरळ मिळाली. चिकन आणि मटण मुंबईच्याच पुरवठादाराचे, हलालचा दाखला असलेले. तो दाखला त्याने दाखवलाही. पण तळणीचे तेल सगळ्यांना एकच आणि न्याहारीचा तवाही एकच. "तुम्ही आधी कळवले असते तर बाजूला करून दिले असते," आचारी म्हणाला. "आताही आदल्या रात्री सांगा, पाच जणांचे वेगळ्या भांड्यात करून देतो."

याच जहाजावर जैन कुटुंबांसाठी वेगळे टेबल होते. कांदा-लसूण नाही, कंदमुळे नाहीत, वाढपी वेगळे. चौकशी केली तेव्हा कळले की त्या मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सगळे लिहून घेतले होते. आम्हाला हेवा वाटला आणि स्वतःचा रागही आला. आपण एक तर भिडेपोटी विचारत नाही, किंवा "असेलच हलाल" म्हणून डोळे मिटतो, किंवा चार दिवस डाळ-भातावर काढून घरी येऊन तक्रार करतो. स्वच्छ शब्दांत, आधी आणि लेखी विचारणारे आपल्यात किती? निदान आम्ही तरी त्यांच्यात नव्हतो.

आचारी मूळचा गढवालचा. अब्बा भंडारी होते असे कळताच त्याने त्यांचा हात धरला आणि दोघे बोलत बसले ते थेट दुपारपर्यंत. जहाजाच्या स्वयंपाकघरात, म्हणजे गॅलीत, उघडा जाळ नसतो. समुद्रात आगीसारखे दुसरे संकट नाही, म्हणून सगळे विजेवर. त्यामुळे फुलका आचेवर फुगवता येत नाही, कोळशाच्या तंदूरचे तर नावच नको. बिर्याणीला दम द्यायचा तर खाली निखारे, वर निखारे हवेत. इथे तांदूळ वाफेच्या कपाटात शिजतो, मसाला वेगळ्या कढईत होतो आणि दोघांची भेट वाढायच्या भांड्यातच होते. शिजलेले अन्न ठरावीक उष्णतेवर ठेवावे लागते, ठरावीक वेळेनंतर फेकावे लागते. मिरचीचा हात आखडता, कारण हजारभर माणसांत कुणाला काय सोसेल याचा नेम नाही. आदल्या रात्री आम्ही हसत-हसत ज्या बिर्याणीला नावे ठेवली, तिच्यामागचे हे हिशेब ऐकून थोडे ओशाळलो.

अब्बांनी त्यांच्या काळच्या गोष्टी काढल्या. शेगडीभोवती लोखंडी कठडा असे, पातेली त्यात अडकवून ठेवत. वारा वाढला की पातेले अर्धेच भरायचे, नाहीतर सालन पायावर. त्यांच्या डाव्या पायावरचा डाग आम्ही लहानपणापासून पाहतो. तो कशाचा, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

निघताना अब्बांनी विचारले, "आज तुमच्या पोरांना काय शिजलंय?" आचारी मोकळेपणाने हसला. जहाजावर काम करणाऱ्यांचे जेवण वेगळे शिजते आणि चांगले जेवण तिथेच असते, हे जाणकारालाच सुचावे.

तिसऱ्या दिवशी अगत्ती आले. मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकते आणि माणसे लहान बोटींतून बेटावर जातात. लक्षद्वीपची बहुतेक वस्ती मुसलमानांची, भाषा मलयाळमच्या वळणाची आणि मसलक आपल्या कोकणी लोकांसारखाच शाफई. बेटावर दारूला बंदी. दुपारी नारळीच्या सावलीत जेवायला बसलो. भात, नारळाच्या रसातली टूनाची आमटी, टूनाचाच तळलेला तुकडा आणि शेवटी गूळ-खोबऱ्याची वडी. इथे हलाल विचारायचे कारणच नव्हते. अब्बांनी भात दोनदा मागून घेतला. वाढणाऱ्या बाईंना त्यांचे हिंदी कळत नव्हते आणि त्यांचे बोलणे अब्बांना, तरी दोघांनी माशावर बराच वेळ चर्चा केली. हातवाऱ्यांनी कळले ते एवढेच, की टूना आधी उकडतात, मग धुरावर धरतात, मग उन्हात वाळवतात आणि तो महिनोन्महिने टिकतो. भात मात्र बेटाचा नाही. इथे तांदूळ पिकत नाही, तो केरळातून जहाजानेच येतो.

शेवटच्या रात्री आमच्यासाठी वेगळे मटण आले. वेगळ्या भांड्यात, बिनलोण्याचे, पातळ, बऱ्यापैकी तिखट. मुलांनी दोन भाकऱ्या मागितल्या, मिळाल्या मैद्याच्या रोट्या. अब्बांनी आधी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, "अब्बा, दाखला स्वतः वाचलाय. भांडं वेगळं आहे." ते "बिस्मिल्ला" म्हणून जेवू लागले.

जेवण संपत आले तेव्हा तो गढवाली आचारी स्वतः एक झाकलेला वाडगा घेऊन आला. आत खलाशांच्या भटारखान्यातली मच्छी होती. बांगडा, काट्यांसकट, लाल रस्सा. काम करणाऱ्यांत एक मुलगा गोव्याचा आहे, त्याने केली, असे तो म्हणाला. अब्बांनी रस्सा बोटाने चाखला आणि म्हणाले, "चिंच जास्त झाली. त्याला सांग, बांगड्याला सोलं घाल."

आचाऱ्याने खिशातून वही काढली आणि विचारले, "चाचाजी, पचास आदमी के लिए कितना?"

अब्बांनी वाडगा जवळ ओढला, काटा काढून बशीच्या कडेला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.