आईंची काळी बटनं



सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराची वायरिंग यंदा उन्हाळ्यात एकदाची नवी झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून हे काम मागे लागलं होतं. पण दिवे लागत होते, पंखे फिरत होते, मग काय, "चालतंय की"!

चालत नव्हतं. स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब बदलायला मी स्टुलावर चढले. बटन बंद केलेलं होतं, तरी होल्डरला बोट लागलं आणि असा झटका बसला की मी थेट खाली. मनगट मुरगळण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी वायरमनमामांनी टेस्टर लावून दाखवलं. त्या बटनातून फेजऐवजी न्यूट्रल नेलेला होता. म्हणजे बटन बंद केलं की दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये वीज तशीच. वर लाकडी पट्टीवरची वायर जुनी रबरी. मामांनी नुसती वाकवली तर रबराचा भुगा हातात आला.

त्याच दिवशी मी ठरवलं, की हे सगळं काढायचं. भिंतीवरची ती गोल, काळी, टपोरी बटनंसुद्धा. दुकानातून पांढऱ्या शुभ्र मॉड्युलर बटनांची एक पट्टी नमुन्याला घेऊन आले आणि कौतुकाने सासूबाईंच्या हातात दिली.

आईंना काचबिंदू आहे. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने अगदी समोरचं तेवढं. त्यांनी त्या सपाट पट्टीवरून दोनदा बोटं फिरवली आणि विचारलं, "यात बटन कुठाय गं?" मग "चांगली आहेत" म्हणून परत दिली. तक्रार अशी त्यांनी कधी केलीच नाही.

त्या रात्री मला जाग होती. आई उठल्या. चौकटीला हात लावला, चौकटीपासून चार बोटं पुढे, खट्! काम झालं, परत खट्. एकदाही चाचपडल्या नाहीत.

आमच्या ह्यांनी तोडगा काढला, की रात्रभर एक दिवा चालू ठेवू, नाहीतर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा बसवू. आईंनी दोन्हीला नकार दिला. पावसाळ्यात दिव्यावर किती जीव येऊन मरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. सूर्यास्ताआधी जेवणं उरकणारं आमचं घर, दिवे मुळात कमीच लागतात, आणि काम झालं की विझवायचे ही आईंची सत्तर वर्षांची सवय. त्यांना जास्त उजेड नको होता. बटन सापडायला हवं होतं, एवढंच.

मामा आधी ऐकेचनात. "वहिनी, भंगारात घाला ती." मग म्हणाले, वायर सगळी नवी, बटनं मी तपासणार, आणि मी नको म्हटलं की नको. मी कबूल केलं.

खालच्या मजल्यावरची बटनं त्यांनी तपासलीसुद्धा नाहीत. पुराचं पाणी त्यांच्या वर गेलं होतं. एकाचं झाकण फिरवून उघडलं तर आत इतक्या वर्षांनंतरही कृष्णेचा गाळ, आणि पितळ हिरवं पडलेलं. ती सगळी बाद. मन खट्टू झालं, कारण आईंच्या हातातली हीच होती.

माडीवरची नऊ बटनं कोरडी होती. त्यांतल्या दोघांना तडे होते. एकाची स्प्रिंग ढिली होऊन खटका मधेच अडकत होता. असं बटन आत ठिणग्या पाडत राहतं. एक आतून जळून काळं झालेलं. उरलेल्या पाचांना मामांनी मेगर लावला आणि "ही चालतील" म्हणाले.

आता माझा शहाणपणा ऐका. आतलं पितळ मळकं दिसलं म्हणून मी ती चिंचेच्या पाण्यात टाकायला निघाले होते! मामांनी हातातून काढून घेतली. आत ओलावा नाही, तेल नाही, फक्त कोरडा मऊ ब्रश. झाकण बेकेलाइटचं, ते वेगळं काढून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं आणि पूर्ण वाळवलं. घासपेपर अजिबात लावायचा नाही, कारण जुन्या बेकेलाइटमध्ये कधीकधी ॲसबेस्टॉस मिसळलेलं असायचं. त्याची धूळ नाकात नको.

पाचही बटनांवर फक्त दिवे. ती पाच अँपिअरची, एलईडी दिव्याला भरपूर झाली. मिक्सर, इस्त्री, गिझर यांची बटनं नवी, आणि प्लग झाडून सगळे नवे, आतून झडप असलेले. दोन पिनांचे जुने प्लग दिसायला कितीही गोड असले तरी त्यांना अर्थिंग नसतं, ते ठेवू नका. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली, फेज बटनातूनच नेला, आणि मेनबोर्डात एमसीबीबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. माझ्यासारखा कुणाला झटका बसला तर तो क्षणात वीज तोडतो. मजुरी जास्त लागली. आमच्या ह्यांनी ते दोनदा ऐकवलं.

आईंच्या पलंगाजवळ, बोळात, न्हाणीशी, देवघरात आणि स्वयंपाकघराच्या दारात अशी पाच बटनं लागली. जागा मी आधीच खडूने आखून ठेवल्या होत्या, चौकटीपासून चार बोटं, तीच उंची. तरी बोळातलं मामांनी उलटं बसवलं. आईंनी हात लावताच विचारलं, "हे वर का लागतंय?" आपल्याकडे खटका खाली केला की दिवा लागतो ना! मामा हसत हसत स्टुलावर चढले आणि फिरवून दिलं.

माडीवर आता पांढरी बटनं आहेत. खालची बटनं माडीवरून आणलीत हे मी आईंना सांगितलं नव्हतं, जुनी आहेत एवढंच म्हटलं होतं. पलंगाजवळचं बटन त्यांनी लावलं, बंद केलं आणि म्हणाल्या, "हे माडीवरचं ना? ह्यांच्या खोलीतलं."

मी विचारलं, कसं ओळखलंत?

"याचा आवाज जड आहे. ते रात्री वाचत बसायचे. हा खटका वाजला की मी खाली डोळे मिटायची."

त्यांनी ते आणखी एकदा लावलं आणि बंद केलं.