निजण्याची जागा

महाविद्यालयांत तीस वर्षें काढलेल्या माणसाला विभाग, विभागप्रमुख आणि त्यांच्यामधील न दिसणाऱ्या भिंती यांचें नवल वाटूं नये. आमच्या इंग्रजीच्या खोलीला लागूनच तर्कशास्त्राची खोली आहे. पण पलीकडे काय शिकवितात, हें मीं कधीं विचारलें नाहीं. तरीहि धाकट्या भावाला मनोरुग्णालयांत ठेवण्याची वेळ आली, तेव्हां तेथील विभागांपुढें मी बावरून गेलों.

माझ्या अर्जावरून त्याला दाखल करण्यापूर्वीं दोघांनीं त्याला स्वतंत्रपणें तपासलें : एक मनोविकारतज्ज्ञ, दुसऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. १९१२ च्या कायद्यांतहि दोन दाखले लागत, पण दोन्ही डॉक्टरांचे. २०१७ च्या कायद्यानें हा दुसरा अभिप्राय मानसशास्त्रज्ञालाहि देतां येतो. मग एकेक जण येऊं लागला. मानसशास्त्रज्ञ बाईंनीं चाचण्या घेतल्या; समाजसेविका आमचें घर पाहून गेली; व्यवसायोपचारवाल्यांनीं त्याला विणकामाला बसविलें. भाऊ एक आणि कागद चार!

यांत मुख्य कोण, असें मीं विचारलें. बंगळूरच्या निमहॅन्समध्यें मनोविकार, चिकित्सा-मानसशास्त्र व समाजकार्य हे निरनिराळे विभाग आहेत. येथेंहि तोच कित्ता होता. रुग्ण मात्र विभागाचा नसतो, पथकाचा असतो, आणि पथकांत प्रत्येक विभागाचा माणूस असतो. मानसशास्त्रज्ञाच्या कामाची पारख त्याचा विभागप्रमुख करणार. रुग्णाविषयीं शेवटचा शब्द पथकाच्या डॉक्टरांचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, असें माझ्या मनांत आलें. बोललों मात्र नाहीं.

तिसऱ्या आठवड्यांत पथकाची बैठक झाली, तिला मलाहि बोलावलें होतें. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलें आहे, भास थांबले आहेत. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, स्मरण व अवधान ठीक आहे. घरीं न्यायला हरकत नाहीं, असें ठरत आलें होतें. इतक्यांत कोपऱ्यांत बसलेल्या परिचारिकेनें, कोणी न विचारतांच, सांगितलें, "ते रात्रीं झोपत नाहींत. तीन-तीन वाजेपर्यंत खाटेच्या कडेला बसून असतात."

हें एकाहि कागदावर नव्हतें. रात्र तिच्याच वांट्याला आलेली.

समाजसेविका माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनें माझ्याकडे पाहिलें. "सर, घरीं ते निजणार कोठें?"

तो गेल्यावर आठवड्याच्या आंत मीं त्याच्या खोलींत पुस्तकांचीं कपाटें लावलीं होतीं. तिनें तीं पाहिलीं होतीं. बहुधा त्यानेंहि तिला विचारलें असावें. बैठकीच्या खोलींत सोय करतां येईल, असें कांहींसें मी पुटपुटलों. डॉक्टर कागद चाळूं लागले. घरीं नेण्याचा दिवस त्यांनीं पुढें ढकलला.

पुस्तकें हलवायला मला दोन दिवस लागले. कपाटें अजून व्हरांड्यांतच आहेत. पहिल्या पावसांत खालच्या फळीवरचीं कांहीं पुस्तकें भिजलीं.