मडगार्डावरची पाटी

जुन्या बुलेटच्या पुढच्या मडगार्डावर एक वाकवलेला पत्रा उभा असतो. चाकाच्या रेषेत, मडगार्डाच्या गोलाईला बिलगून. काळ्या रंगावर पांढरी अक्षरे, आणि नंबर दोन्ही बाजूंना. गाडी डावीकडून जावो की उजवीकडून, रस्त्याकडेच्या माणसाला तो वाचता यावा. नाशिकमधल्या सातपूरच्या कार्बन नाक्यावर कधीतरी अशी फटफटी धडधडत येते आणि चहाच्या टपरीवरच्या माना आपसूक वळतात. लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टाकीवरची सोनेरी रेघ पाहतात. पत्र्यावरचा नंबर फार थोडे जण वाचतात. गाडीचे वय आणि गाव मात्र त्या पत्र्यावरच लिहिलेले असते.

१ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि नाशिकच्या वाट्याला एमएच १५ आले. त्याआधीचे नंबर १९३९ च्या कायद्याखालचे: तीन अक्षरे आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. महाराष्ट्रातले नंबर ‘एम’ने सुरू होत, त्याआधीच्या मुंबई राज्यातले ‘बी’ने. सातपूरची औद्योगिक वसाहत ज्या एमआयडीसीची, तिची स्थापना १९६२ ची. म्हणजे ‘बी’चा नंबर मिरवणारी एखादी गाडी सातपूरच्या कारखान्यांच्या धुराड्यांहूनही वयाने मोठी असू शकते. हे सगळे सांगायला तिला कागद काढावे लागत नाहीत.

आणि तो नंबर हाताने लिहिलेला असे. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटरच पत्र्याला काळा ऑइल पेंट द्यायचा, खडूने रेघ मारायचा आणि बारीक ब्रशने आकडे काढायचा. कुणाचा पाच पोट सुटलेला, कुणाच्या दोनची मान बगळ्यासारखी. जाणकार डोळ्याला एका पेंटरचा हात दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येई. बुलेट मद्रासहून आली, जावा म्हैसूरहून, राजदूत फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची. अख्ख्या गाडीत एकच वस्तू नाशिकच्या माणसाने नाशिकमध्ये घडवलेली असे, आणि ती म्हणजे ही पाटी. म्हणूनच तिची इतकी काळजी घ्यायची.

चाकाच्या रेषेत पाटी लावायची ही पद्धत आपल्याकडे ब्रिटिश गाड्यांबरोबर आली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून वाहनांवर नंबर सक्तीचा झाला. मोटारसायकलच्या मडगार्डावरची ती धारदार पाटी धडकेत पायी चालणाऱ्याला कापते म्हणून पुढे तिथे बदनाम झाली आणि १९७५ पासून पुढच्या पाटीची सक्तीच उठली. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय नियमांनी दुचाकीची पुढची पाटी हँडलला समांतर हवी, चाकाच्या रेषेत नको, असे ठरवले. पुढे रंगही उलटले: खासगी गाड्यांची काळी पाटी पांढरी झाली, पांढरी अक्षरे काळी.

आता या पत्र्याला मारते कोण? पहिला शत्रू इंजिनच. जुन्या बुलेटचे ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. तो लांब स्ट्रोक ज्या धकधकीसाठी लोकांना आवडतो, तीच धकधक ब्रॅकेटमधून पत्र्यात उतरते आणि बोल्टच्या भोकापाशी चीर धरते. चीर दिसली की घाईने वेल्डिंग करून घेण्याचा मोह होतो. त्या उष्णतेने भोवतालचा सगळा रंग जळून जातो. त्यापेक्षा मागे दीड-दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच आकारात कापून बसवावा, म्हणजे ताण तो झेलतो आणि जुनी पाटी नुसती टेकून राहते. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट एकमेकांना भिडू देऊ नयेत. मध्ये पाणी शिरले की लोखंडाच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून नायलॉनचे वॉशर आणि बुश हवेत. ब्रॅकेटमध्ये रबरी बुश, बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, मागे नायलॉक नट. नट आवळताना पत्रा दबू लागला की थांबायचे. नवे भोक तर मुळीच पाडायचे नाही. जुनी भोके जिथे आहेत त्यांच्याशी ब्रॅकेट जुळवून घ्यायचे.

दुसरा शत्रू पाणी. सातपूरहून त्र्यंबकच्या दिशेने निघाले की पावसाचा जोर वाढत जातो, आणि चाकाने उडवलेला चिखल पाटीच्या मागच्या बाजूला साचतो. गंज पाठीमागून सुरू होतो. पुढच्या रंगाला फोड आला तेव्हा आतले काम झालेले असते. फिरून आल्यावर मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून नीट कोरडी करावी. वर्षातून एकदा पाटी काढून मागून गंजरोधक प्रायमरचा हात द्यावा. पुढून मात्र मेणाचा पातळ थर पुरे. रबिंग कंपाउंड लावू नये, ते चमक देता देता ब्रशचे फटकारे घासून नेते. वरून लॅकर मारण्याची हौसही आवरावी. पुष्कळ लॅकर उन्हात पिवळे पडतात आणि पुढे काढायला गेले तर खालची अक्षरे सोबत घेऊन येतात.

तिसरा शत्रू म्हणजे आपली हौस. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये काय होत नाही? पत्रा कापणारे, प्लेटिंग करणारे, पावडर कोटिंग करणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. जुनी पाटी त्यांच्याकडे दिली तर ती कोरी करकरीत होऊन परत येईल. पण पावडर कोटिंगसाठी आधी सगळा रंग उतरवावा लागतो आणि नंतर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पत्रा भाजावा लागतो. त्यातून पत्रा वाचतो, पेंटरचा हात पुसला जातो. या औद्योगिक वसाहतींच्या कौशल्याचा खरा उपयोग वेगळा आहे: त्यांच्याकडून नवे ब्रॅकेट, नवा पाठपत्रा, हवी तर हुबेहूब दुसरी पाटी करून घ्यावी आणि मूळ पाटीला हात लावू देऊ नये. चार टवके आणि एक गंजलेली कड तशीच राहिली तर काही बिघडत नाही.

कायद्यानेही जुन्या नंबराचा मान राखला आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकीला व चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते; आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर कायम ठेवू शकते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

याखेरीज १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही राज्यात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, लावणे सक्तीचे झाले आहे. ॲल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसले की न निघणारे लॉक. चोरीला आळा घालण्यासाठी हे हवेच, आणि रस्त्यावर निघताना तीच पाटी ग्राह्य. पण ती बसवून घ्यायला जाल तेव्हा फिटरच्या शेजारी उभे राहा. जुन्या पाटीतून ड्रिल फिरू देऊ नका, नवी पाटी तिच्यावर रिव्हेट करू देऊ नका. आधी जुनी पाटी सोडवा, सुती कापडात गुंडाळून घरी न्या आणि तिच्या मागे खडूने गाडीचे मॉडेल व साल लिहून ठेवा.