आधी प्रत, मग औषध

भिलाईत सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये एक जुना डेस्कटॉप आहे. घरात सगळ्यांच्या हाती स्मार्टफोन आले, तरी बाबांचं जग अजून त्या डब्यातच आहे. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतला आणि दोन बोटांनी टाइप करत आठवणी लिहायला बसले. आजोबा वर्ध्याहून इथे कसे आले, इथल्या पहिल्या उन्हाळ्यात काय हाल झाले, सगळं त्यात आहे. त्याच डिस्कवर आईचा आवाज आहे. आमच्याकडे विदर्भातल्यासारखी भुलाबाई बसायची. आई जायच्या आदल्या वर्षी बाबांनी तिची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मागच्या दिवाळीत मी नागपूरहून आले, तेव्हा कॉम्प्युटर फारच मंद झाला होता. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडद्यावर गोल फिरतंच असायचं. साधी फाइल उघडायला चार-चार मिनिटं. दुरुस्तीसाठी एका मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, हार्ड डिस्क गई. फॉरमॅट मार देते हैं, नहीं तो नई डाल लो."

"और अंदर का डेटा?" बाबांनी विचारलं.

"वो तो जाएगा."

बाबांनी सीपीयूवर हात ठेवला. "आज राहू दे," म्हणाले. तो गेल्यावर माझ्याकडे वळले, "मिलमध्ये मशीन हळू चाललं की आम्ही आधी मशीनला दोष देत नव्हतो. कारण शोधायचो. तू बघ बरं."

मग बापलेकीने दोन दिवस तेच केलं. तुमच्याही घरी असा एखादा जुना डबा असेल, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

पहिलं काम दुरुस्तीचं नाही, ऐकण्याचं. हार्ड डिस्क हे फिरणारं यंत्र आहे. आत चकत्या असतात. डेस्कटॉपमधल्या बऱ्याच डिस्कच्या चकत्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे सरकत माहिती वाचते. एकसारखी घरघर चालते. पण ठराविक अंतराने टक्... टक्... असा आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करावा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. आमच्या डिस्कला बाबांनी कान लावला. त्यांना आता ऐकायला कमी येतं, म्हणून मीही लावला. टकटक नव्हती.

दुसरं काम प्रत काढण्याचं. डिस्क आजारी असल्याची शंका असेल, तर प्रत निघेपर्यंत तिच्यावर डिफ्रॅग किंवा चेक डिस्क चालवू नये. त्या मेहनतीत ती पुरती बसू शकते. दुकानात पुन्हा मिळेल ते मागे ठेवावं. विंडोज मिळतं, सिनेमे मिळतात. आईची गाणी, बाबांचं लिखाण आणि घरचे फोटो मिळून ८ जीबी भरले. एरवी अशी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी सहज देते, आमची जेमतेम ३ देत होती. प्रत निघायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाबा खुर्चीवरून उठले नाहीत.

मग खरा तपास. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत होते. कोण एवढं काम करतंय ते पाहिलं. कॉम्प्युटर सुरू होतानाच जागे होणारे अकरा प्रोग्रॅम निघाले. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता. रॅम फक्त ४ जीबी. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं ओझं डिस्कवर टाकतं. अशा वेळी दमते डिस्क, पण दुखणं रॅमचं असतं. नको ते प्रोग्रॅम 'स्टार्टअप'मधून बंद केले, जागा मोकळी केली. थोडा फरक पडला, पण फाइल उघडायला अजून मिनिट लागतच होतं.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम घातला. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हा प्रोग्रॅम ती वही वाचून दाखवतो. त्यातल्या तीन ओळी पाहायच्या. ०५ क्रमांकाची ओळ सांगते, किती खराब जागा बाद करून राखीव जागा वापरल्या. सी५ सांगते, किती जागांबद्दल शंका आहे. हे आकडे वाढत असतील तर नवी डिस्क घ्यावीच. आमचे दोन्ही शून्य होते. तिसरी ओळ सी७. तिथे भला मोठा आकडा होता.

सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत झालेल्या चुका. माहिती निघते, पण पोचेपर्यंत बिघडते. पडताळणीत ते लक्षात येतं आणि तीच माहिती पुन्हा मागवली जाते. पुन्हा बिघडली की पुन्हा. मी हे बाबांना समजावत होते आणि ते दर वाक्याला "काय म्हणालीस?" विचारत होते. तिसऱ्यांदा सांगताना मला हसू आलं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच चाललं होतं. सांगणारा बरा, ऐकणारा बरा, मधल्या वाटेत गडबड. असल्या चुका बहुतेक वेळा केबलमुळे होतात.

प्लग काढला, सीपीयू उघडला, स्थिर वीज जावी म्हणून आधी लोखंडी सांगाड्याला हात लावला. डिस्कची लाल साटा केबल एका टोकाला दुमडून सैल झाली होती. सुपेल्याच्या बाजारातून नवी आणली, शंभर रुपयेही लागले नाहीत. ती जोडली आणि डिस्क पुन्हा पूर्वीसारखी चालू लागली. एक लक्षात ठेवा, केबल बदलली तरी सी७ चा आकडा शून्य होत नाही. तो पुढे वाढत नाही ना, एवढंच पाहायचं. आमचा आजवर वाढलेला नाही.

मला यात एक गंमत वाटते. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ साली. पहिली झोतभट्टी पेटली १९५९ च्या फेब्रुवारीत. या दोन्हींच्या मधे, १९५६ साली, अमेरिकेत आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. दोन-दोन फुटांच्या पन्नास चकत्या, कपाटाएवढं धूड आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात कदाचित मावणार नाही. कारखाना आणि हार्ड डिस्क एकाच काळातली भावंडं आहेत आणि दोन्हींचं काम अजून फिरणाऱ्या चाकांवर चालतं, असं बाबांना सांगितलं. ते खूश झाले.

नंतर आम्ही विंडोजसाठी एक छोटी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून कॉम्प्युटर झटकन सुरू होतो. जुनी डिस्क काढली मात्र नाही, ती बाबांच्या लिखाणासाठी ठेवली. पण त्या एकट्या डिस्कवर आता आम्ही विसंबत नाही. सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक तिथे, एक बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कपाटात आणि एक पुण्याला भावाकडे. वेगळ्या गावी एक प्रत असावी, कारण चोरी, आग किंवा वीज पडणं घर बघून येत नाही.

कोजागिरीला पुण्याहून फोन आला. माझ्या भाचीने आजीचं गाणं ऐकून पहिलं कडवं पाठ केलं होतं. ती फोनवर गात होती आणि बाबा तिला सांगत होते, "जरा मोठ्यानं म्हण, बेटा."