नातीचा वाढदिवस आणि आजोबांची खुर्ची

ज्या घरात तीन वर्षांचे मूल आणि सत्तरी ओलांडलेले आजारी माणूस एकाच छपराखाली राहते, त्या घरी मुलाचा वाढदिवस जवळ आला की एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : त्या दिवशी आजोबांचे काय करायचे? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. गर्दी, गोंगाट आणि धावपळ यांचा त्यांना त्रास होईल, तेव्हा दोन तास शेजाऱ्यांकडे किंवा आतल्या खोलीत दार लावून त्यांची सोय करावी, असा तो काळजीपोटीच सुचलेला उपाय असतो. आपल्यापैकी काहींनी तो अमलातही आणला असेल.

आमच्या सांगलीच्या घरी यंदा फेब्रुवारीत हा प्रश्न निघाला, तेव्हा माझे यजमान त्याच खोलीत खिडकीपाशी बसलेले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय दुर्बल झाले आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे समज गेली नाही, हे मात्र घरोघरी पुन्हापुन्हा सांगावे लागते. वाचाघात झालेल्या पुष्कळ रुग्णांना समोरच्याचे बोलणे बऱ्यापैकी कळते. उत्तरासाठी लागणारा शब्द तेवढा हाती येत नाही. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. त्यांच्या मनात काय आले असेल, ते मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

मुलाला आणि सूनबाईंना मी एवढेच म्हटले, की समारंभाला ते जमत नसतील तर समारंभच त्यांना जमेल असा करू. प्रथम दोघांनाही हे अवघड वाटले. सभागृह पाहून झाले होते आणि ध्वनिवर्धकासह एक विदूषकही ठरत आला होता. परंतु आम्ही कागद घेऊन बसलो, तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. यजमानांसाठी जी पथ्ये लिहायची होती, त्यांतील बहुतेक सर्व त्या तीन वर्षांच्या पोरीलाही लागू पडत होती.

वेळेचेच पाहा. वाढदिवस संध्याकाळी सातला ठेवण्याची प्रथा मोठ्यांच्या कचेऱ्या सुटण्याच्या वेळेवरून पडली आहे. त्या वेळी तीन वर्षांचे मूल झोपेला आलेले, चिडचिडे आणि रडवेले असते. केक कापताना किंचाळणारी बाळे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पक्षाघाताच्या रुग्णालाही सायंकाळपर्यंत थकवा गाठतो आणि थकव्यात गिळणे, तोल सांभाळणे, बोलण्याचा प्रयत्न करणे हे सारेच ढासळते. दोघेही सकाळी ताजे असतात. म्हणून रविवारी सकाळी साडेदहाची वेळ ठरली आणि बाराला समाप्ती. मुले किती बोलवावीत? वयाइतकी, फार तर त्याहून एक अधिक. आम्ही चार बोलावली.

खाण्याचा विषय अधिक सविस्तर सांगितला पाहिजे, कारण खरा धोका तिथे आहे. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे अगदी शेजारी असतात. घास उतरताना श्वासनलिका क्षणभर झाकली जाते. पक्षाघातानंतर ही क्रिया मंदावू शकते आणि मग अन्नाचा अंश, कधी ठसकाही न लागता, श्वासमार्गात उतरतो. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. लहान मुलाची अडचण निराळी, पण परिणाम तोच. त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि दाढा आल्या तरी नीट चावून खाण्याची रीत अंगवळणी पडायला चार वर्षे तरी लागतात. त्यातच ते हसत, पळत खाते.

त्यामुळे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, गोल टणक गोळ्या आणि चिवडा या ताटांतून गेला. द्राक्षांचा प्रश्न मात्र आमच्या भागात नाजूक. फेब्रुवारीत तासगावकडचा नातेवाईक द्राक्षांची पेटी घेतल्याविना दारात येत नाही. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखे बसते. ते उभे चिरून चार फोडी कराव्यात; आडवे कापले तर गोल चकत्या उरतात आणि धोका कायम राहतो. यजमानांना मात्र त्या फोडीही चालत नाहीत, कारण साल, गर आणि रस तोंडात एकाच वेळी सांभाळावे लागतात.

याच कारणाने आमच्याकडची परंपरागत गव्हल्यांची खीर बाद झाली. पातळ दुधात तरंगणारे कण गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला फार जड जातात. दूध पुढे निसटते आणि कण मागे राहतात. तिच्याऐवजी तांदळाच्या पिठाची, घोटून दाट केलेली, गुठळी नसलेली खीर केली. श्रीखंड केले, चारोळी न घालता. मुगाची खिचडी एकजीव घोटली आणि मुलांसाठी मऊ इडल्या केल्या. केक आणला, परंतु त्याचा कोरडा चुरा यजमानांसाठी नव्हता. त्यांच्या वाटीत खीर होती आणि नातीनेही केक अर्धा टाकून तीच मागितली. आपल्या घरच्या रुग्णाला किती दाट, किती मऊ चालेल हे वाचा आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. माझ्या वाटीवरून आपली वाटी भरू नये. ताठ बसवून लहान घास देणे, खाताना बोलायला न लावणे आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवे न करणे, एवढे तरी सांभाळावेच. म्हणून ते जेवत असताना मुलांना गॅलरीत चित्रे रंगवायला बसवले होते.

फुगे आम्ही आणले नाहीत. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा मुलाने तोंडात घातला तर तो श्वासमार्गाला चिकटून बसतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी तसा इशारा छापण्याची कायद्याने सक्ती आहे. शिवाय फुगा फुटल्याच्या आवाजाने दचकून तोल जाणारी माणसे आपल्या घरात असतात. झेंडूच्या माळा लावल्या. सुरेख दिसल्या, आणि स्वस्तही पडल्या.

एक गोष्ट प्रत्येक घरात दोघांना तरी यावी. घशात काही अडकले आणि माणूस जोराने खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावे. खोकता किंवा बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापट्या माराव्यात. न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच दाब द्यावेत, आणि हे आलटून पालटून करावे. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांक फिरवावा. एक वर्षाखालील बाळाची रीत निराळी आहे. ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. दिसत नसताना घशात बोट घालू नये.

मी स्वतःसाठीही एक अट घातली होती, आणि शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना ती मुद्दाम सांगते. त्या दिवशी पाहुण्यांना वाढणे माझ्याकडे नव्हते. यजमानांजवळ एक माणूस, त्याला दुसरे काम नाही. पहिला तास मी आणि उरलेला वेळ माझा मुलगा. खुर्ची हातांची, भिंतीला पाठ टेकलेली, आतल्या खोलीच्या दाराजवळ. दार उघडे. थकले की पाच पावलांवर पलंग, आणि कोणाची परवानगी घ्यायला नको.

औक्षणाच्या वेळी प्रश्न उभा राहिला. नात पाटावर बसली. रांगोळी येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, भिंतीकडे काढली होती, कारण तिच्या भुकटीवरून पाय सरकतो. झालरीचा झगा काढून सुती परकर घातला होता, निरांजनाची ज्योत जवळ येणार म्हणून. अक्षता टाकण्याची पाळी आजोबांची आली आणि त्यांनी डावा हात उचलला. एक वडीलधाऱ्या बाई चटकन म्हणाल्या, "डाव्या हाताने नको, मी टाकते त्यांच्या वतीने." तो हात अर्ध्यावर थांबला. माझ्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, बाबांचा आता तोच उजवा आहे." त्यांनी अक्षतांची वाटी पुढे धरली. अक्षता नातीच्या डोक्यावर थोड्या पडल्या, जास्त तिच्या मांडीवर.

मग तिने केकवरच्या मेणबत्त्या बोटाने मोजायला घेतल्या. एक, दोन, आणि अडली. खुर्चीतून आवाज आला, "तीन." तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी दोघांनी मिळून मोजले. वाचाघातात मोजणी, वारांची नावे, पाठ असलेली स्तोत्रे पुष्कळदा शिल्लक राहतात, हे उपचारतज्ज्ञांनी आम्हाला सांगितले होते. म्हणून त्याला मी चमत्कार म्हणणार नाही. पण मेणबत्त्या त्या दोघांनी पाच वेळा मोजल्या आणि केक तोवर थांबला.

बाराला मुले गेली. साडेबाराला आजोबा आणि नात दोघेही झोपले. उरलेल्या द्राक्षांचा रस काढून दुहेरी गाळला आणि दुसऱ्या दिवशी, सांगितलेल्या मापाने घट्ट करणारी पूड घालून, चमचा चमचा त्यांना दिला. तासगावची द्राक्षे त्यांनी दोन वर्षांनी चाखली.