वारेची खबर

नातीचा डबल मार्करचा रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. व्हाइटफील्डच्या तिच्या घरी आदल्या सकाळी एक मुलगा स्कूटरवरून येऊन रक्त घेऊन गेला होता. तिनं फोन माझ्यापुढे धरला. "आजी, पॅप-ए कमी आलंय. तू लॅबमध्ये होतीस ना, सांग की काय ते." मी चष्मा लावला. आकडा ०.३५, आणि त्याला लाल रंग. बाराव्या आठवड्यातली पोर, डोळे भरून आलेले. मला आमची १९७४ सालची लॅब आठवली.

लग्न होऊन मी बेळगावहून बंगलोरला आले. हे एचएमटीत, बिऱ्हाड जालहळ्ळीत. कानडी येत होतं म्हणून शहरातल्या एका प्रसूतिगृहाच्या लॅबमध्ये लगेच नोकरी लागली. गरीब घरच्या बायका मार्केटजवळच्या वाणी विलासला जात, ते १९३५ पासूनचं. आमचं त्यामानानं लहान, पण रोजची रक्तं काही कमी नसत.

कुणाचा रक्तदाब चढलेला, कुणाचे दिवस उलटलेले, कुणाचं पोट महिना झाला तरी तेवढंच. डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला असे : वार नीट काम करते आहे का? पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकू येत, वारेचं मात्र काहीच कळत नसे. सोनोग्राफीचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मग आईच्या रक्तालाच विचारायचं.

अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर हाडांतून येतं, यकृतातून येतं आणि गरोदरपणी वारेतूनही येतं. त्यातलं वारेचं कोणतं, हे ओळखायचं तापवून. सीरम ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवलं की हाडांचं आणि यकृताचं विकर निकामी होतं, वारेचं तेवढं तगून राहतं. जो अवयव नऊ महिन्यांत संपणार, त्याचंच विकर सगळ्यांत चिवट! मला याचं नवल आजही वाटतं. मग फिनाइल फॉस्फेट घालून नळी ३७ अंशांवर पंधरा मिनिटं. ह्यांनी दिलेलं एचएमटीचं घड्याळ मी मनगटावरून काढून टेबलावर ठेवायची आणि सेकंदकाट्यावरून नजर हलवायची नाही. शेवटचं द्रावण पडलं की नळीत लाल रंग चढायचा. जितका गडद, तितकं विकर जास्त. कलरिमीटरवर वाचून किंग-आर्मस्ट्राँग युनिटांत उत्तर लिहायचं. सीरम पिपेटमध्ये तोंडानं ओढायचो आम्ही. आता कुणी तसं करताना दिसलं तर मी हात धरीन.

दुसरी तपासणी ऑक्सिटोसिनेजची. कळा आणणारं ऑक्सिटोसिन तोडणारं हे विकर वारच आईच्या रक्तात सोडते, आणि दिवस भरत येतील तसं ते वाढत जातं. शिवाय इस्ट्रिऑलसाठी चोवीस तासांची लघवी. त्या बाटल्या सांभाळता सांभाळता आयांचा जीव जायचा.

एका आकड्यावर कुणी विसंबत नसे. दर तीन-चार दिवसांनी रक्त, आणि प्रत्येकीचा एक आलेखाचा कागद. रेघ चढती असली की सिस्टर तो कागद घेऊन वॉर्डात जायची आणि त्या बाईच्या खाटेपाशी उभी राहून सांगायची. खबर माणसाच्या तोंडून पोचायची.

पण खबर खरी असेलच असं नव्हतं. वारेचं हे फॉस्फटेज प्रत्येकीत वंशपरत्वे वेगळं असतं, त्यामुळे एकीचं नेहमीचं ते दुसरीचं धोक्याचं. वार थकली तर आकडा खाली यायचा; वारेला इजा झाली तर तिच्यातलं विकर रक्तात सांडून आकडा एकदम वरही जायचा. मार्केटात फुलं विकणारी एक बाई होती, छत्तिसावा आठवडा. तिन्ही वेळा रेघ सरळ वर गेलेली. तिसऱ्या कागदावर 'ठीक' असं मीच लिहिलं होतं. त्या रात्री ठोके थांबले. ती रेघ मला आजही हातानं काढून दाखवता येईल.

ऐंशीच्या दशकात सोनोग्राफी आली, बाळाच्या ठोक्यांचा कागद आला आणि या तपासण्या मागे पडल्या. मला वाईट वाटलं नाही. त्या फुलवालीनंतर माझा त्यांच्यावर जीव राहिला नव्हता.

आता या पॅप-एचं ऐका. हे प्रथिन सापडलं १९७४ सालीच, मी वॉटर बाथपाशी उभी होते तेव्हा. ते विकर आहे हे कळायला १९९९ उजाडलं. वाढीचा घटक एका दुसऱ्या प्रथिनानं धरून ठेवलेला असतो. पॅप-ए ते प्रथिन कापून तो घटक मोकळा करतं. वार नीट रुजत नसेल तर पॅप-ए कमी पडतं. म्हणजे पुन्हा विकरच, पुन्हा आईचं रक्तच. फरक वेळेचा आहे, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे. आमचा आकडा छत्तिसाव्या आठवड्यात यायचा, तेव्हा बाळ लवकर बाहेर काढण्यापलीकडे हातात काही नसे. हा बाराव्यात आला, वार अजून मूळ धरते आहे तेव्हा.

नातीला मी त्या रात्री एवढंच सांगितलं : हा आकडा निदान नाही, तो नीट लक्ष ठेवायला सांगतो आहे. फोन उशीखालून काढून घेतला आणि तिच्याजवळ झोपले. एवढ्या लवकर एवढं कळतं, पण ते रात्री दहाला, एकटीला, लाल अक्षरांत कळावं हे मला पटत नाही. तिथं सिस्टर हवी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डॉपलरवर गर्भाशयाच्या धमन्यांतला प्रवाह पाहिला आणि रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन लिहून दिली, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. धोका जास्त असलेल्या बायकांत अशा गोळीनं दिवस भरण्याआधी होणारा प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब चढण्याचा विकार, निम्म्याहून कमी होतो, हे २०१७ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. पुढे शंका आलीच तर वारेच्याच दोन प्रथिनांचं गुणोत्तर रक्तात पाहता येतं. ते ३८ किंवा त्याखाली असलं की पुढचा आठवडाभर प्रीएक्लाम्प्सियाची भीती फारशी नसते.

गोळीची वेळ साडेनऊ. ते एचएमटीचं घड्याळ चावी दिली की अजून चालतं, ते मी तिच्या पलंगाशी ठेवलं आहे. बाळाच्या वाढीची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहे. मी बरोबर जाणार आहे, आलेखाचा कागद घेऊन.